चैत्रातलं वंगण

रघू, ही गोष्ट सांगायची मी चौदा वर्षं टाळली. सबबी कधी कमी पडल्या नाहीत. पहिली दोन वर्षं तुझी जखम ओली होती. मग तुझ्या मुलीचं लग्न निघालं. मग माझी बायको गेली आणि तू संगमेश्वराहून निघून आलास, तेव्हा ती वेळ नव्हती. पुढे पुढे सबबही लागेना. इतकी वर्षं नाही बोललो, आता कशाला, एवढं मनाशी म्हटलं की भागायचं. आज तू जाऊन सोळा दिवस झाले. तुला ऐकू जाणार नाही याची खात्री पटल्यावर माझी लेखणी चालू लागली, हे लिहितानाही लाज वाटते.

तुझ्या बाराव्याला मी आलो होतो. ओटीवर गाववाले बसले होते. कुणीतरी तुझ्या डोळ्याचा विषय काढला. एक म्हातारा म्हणाला, "हातात हत्यार आसताना कानाकडं दुर्लक्ष केलान. मग काय होयाचं?" आणि वर, "तो सोताच सांगायचा की." तुझी बायको जानकी दारात उभी होती, ती आत गेली. मी पानाला चुना लावत होतो. म्हातारा खोटं बोलत नव्हता. तू तसंच सांगायचास, कारण तुला तसंच वाटायचं. खरं काय ते त्या ओटीवर एकट्या मला ठाऊक होतं. मी चुना लावत राहिलो.

म्हणून हे लिहितो आहे आणि छापायलाही देणार आहे.

तुझी आणि माझी ओळख नसलेल्यांसाठी थोडं सांगावं लागेल. तू पोलिसात हवालदार, मी हत्यारखान्यात. तू माझ्याहून आठ वर्षांनी लहान, म्हणून मला दादा म्हणायचास, आणि दादा म्हणूनही माझी एक गोष्ट ऐकायचा नाहीस. मोठी लढाई संपली त्यानंतर आपल्याकडे जो साहेब आला त्याला नेमबाजीचं वेड होतं. आसपासच्या जिल्ह्यांतले पोलीस वर्षातून एकदा पिस्तुलाच्या सामन्याला जमायचे. सरकारी कागदात ते रिव्हॉल्वर, आपण पिस्तूलच म्हणायचो. साहेबाने तुला निवडलं आणि तुझी काडतुसं भरायचं काम माझ्याकडे दिलं. विलायतेहून येणारी तयार काडतुसं लढाईसाठी असत, धक्का जोराचा. सामन्याला हलकं काडतूस लागतं, सारं एका मापाचं. ते हाताने भरावं लागतं.

ती सहा वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं. हे मी तुला कधी सांगितलं नाही, तेही राहून गेलं.

तुला आठवतं का, आपण मातीच्या बांधावर मारलेल्या गोळ्या परत उकरून काढायचो. लाल माती चाळणीने चाळायची, शिसं वेगळं करायचं, कढईत वितळवायचं. कल्हईवाल्याकडून आणलेलं कथील त्यात चिमूटभर. साचा गरम होईपर्यंत पहिल्या पाच-सहा गोळ्या सुरकुतलेल्या निघायच्या. त्यांना तू "सासूबाई" म्हणायचास आणि परत कढईत टाकायचास. दारू मी सोनाराच्या काट्यावर गुंजांनी तोलायचो. दहा गुंजा, ना कमी ना जास्त. गुंजाही आपण निवडून घेतलेल्या होत्या, सगळ्या एका वजनाच्या. त्या निवडताना तीन दिवस गेले होते आणि तू म्हणालास, "दादा, मुलीला नवरा बघताना पण एवढं बघत नाय कोण."

तुझी स्वतःची तयारी वेगळी. सामन्याच्या सकाळी पिस्तुलाच्या पुढच्या माशीला, नेम धरायच्या त्या टोकाला, कापराची काजळी धरायची, म्हणजे उन्हात ती चमकत नाही. मूठ कानशीने खरबरीत करून घ्यायची. नळीत उकळतं पाणी ओतून ती धुवायची, चिंधी फिरवायची, मग आत एक डोळा लावून माझ्याकडे बघायचास. पलीकडून मला तुझा डोळा दिसायचा, एवढासा, उजवा. तोच गेला.

आता वंगणाकडे येतो. शिशाच्या गोळीला आडव्या खाचा असतात आणि त्या खाचांत वंगण भरतात, म्हणजे नळीतून जाताना शिसं नळीला चिकटत नाही. आपलं वंगण म्हणजे मधमाशीचं मेण आणि कोकमतेल. बायका भेगाळलेल्या टाचांना लावतात तेच बाजारातले गोळे. मेणाने घट्टपणा यायचा, तेलाने मऊपणा. तुझं माप ठरलेलं होतं. थंडीत तीन भाग मेण, एक भाग तेल. चैत्र-वैशाखात पाचाला एक.

आपलं भांडण त्यावरूनच होतं. मला ते वंगण फार घट्ट वाटायचं. दहा-बारा बार झाले की नळीत शिसं दिसू लागायचं आणि नेम फाकायचा. माझं म्हणणं, तेल वाढव.

"घट्टच आसू दे, दादा. वंगण गोळीला धरून ऱ्हायला पायजे."

"खाचेतून सुटतच नाही ते. मग नळीत शिसं बसतं त्याचं काय?"

"शिसं बसलं तर मी घासीन. नळी माझी, हात माझे."

"आणि अक्कल?"

"ती तुझ्याकडं ठेव. हत्यारखान्यात कुलपात ऱ्हाईल."

हे भांडण आपण किती वेळा भांडलो. हत्यारखान्याच्या पायरीवर, बंदरावरच्या चहाच्या दुकानात, एकदा तर कुणाच्या तरी मयताला जाताना, कुजबुजत. आपल्याशिवाय जगात कुणालाही त्या विषयाचं सोयरसुतक नव्हतं. आता मी झाडगावात एका खोलीत राहतो, मुलगा मुंबईला गोदीत आहे, शेजारी भले आहेत. पण "पाचाला एक" म्हटल्यावर ज्याचं डोकं तापेल असा माणूस आता उरला नाही.

तुझा डोळा गेला त्या वर्षी पौषात मी एक काम केलं. तू रजेवर गावी होतास. मी निम्मं मेण आणि निम्मं तेल घेऊन पन्नास काडतुसं भरली आणि साहेबाच्या शिपायाकडून सड्यावर, गावाबाहेरच्या कातळपठारावर, मारून घेतली. नळी स्वच्छ राहिली. शिपाई काही मोठा नेमबाज नव्हता, तरी गोळ्या एका बशीत मावतील अशा लागल्या. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. तू आल्यावर तुला सांगायचं होतं. मग वाटलं, आत्ता सांगितलं तर तू ऐकणार नाहीस. सामना होऊ दे. सामन्यात तू माझ्या वंगणावर जिंकलास की चारचौघांत सांगेन. त्या एका क्षणासाठी मी गप्प बसलो.

सामना दर वर्षी थंडीत, घाटावर व्हायचा. त्या वर्षी यजमानपद आपल्याकडे आलं आणि साहेबाला विलायतेला जायचं म्हणून तारीख चैत्रात गेली. मी पौषातलं वंगण चैत्रात वापरलं. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही असं मला म्हणता येणार नाही. माझ्या मनात ती आली होती. मी ती बाजूला सारली, कारण पौषातल्या त्या नळीची चकाकी माझ्या डोळ्यांपुढे होती.

सड्यावरचं ते मैदान तुला मी काय सांगावं. सगळा कातळ, झाडाचं पान नाही. साहेबलोकांसाठी माडाच्या झापांचा मांडव घातला होता, आपण उघड्यावर. सकाळी सावकाशीचे सहा बार झाले. त्याची काडतुसं पेटीतली होती, पेटी मी ओल्या गोणपाटाखाली ठेवली होती. तुझ्या पाच गोळ्या मधल्या काळ्यात लागल्या, सहावी काठावर. पलीकडच्या जिल्ह्याचा एक उंच जमादार होता, तो येऊन तुझ्या निशाणाकडे बघून गेला. मला वाटलं, जिंकलो. तू नव्हे, मी.

मग साहेबांचं जेवण लांबलं. पुढच्या फेरीला वेळ होऊ नये म्हणून मी बारा काडतुसं पेटीतून काढून एका पत्र्याच्या झाकणावर उभी मांडली, सहा फेरीची आणि सहा जास्तीची. झाकण कातळावर ठेवलं. तासभर ती तिथे उन्हात उभी होती. मी शेजारीच बसलो होतो, डोक्याला पंचा गुंडाळून. पंचा काडतुसांवर टाकावा हे सुचलं नाही.

तुझी एक रीत होती. काडतुसात गोळी बसवली की तिची एक खाच पितळी पुंगळीच्या बाहेर राहायची. बार काढण्याआधी त्या खाचेतलं वंगण तू अंगठ्याच्या नखाने दाबून बघायचास. दर वेळी. मला त्याचा राग यायचा, कारण ते माझ्या कामावर नख लावणं होतं. त्या दिवशी सकाळी साहेब घाई करत होता म्हणून तुझं राहून गेलं. दुपारी तू आलास, झाकणावरचं एक काडतूस उचललंस.

"नख लावू काय, दादा?"

"लाव की. माझ्यावर भरवसा नसेल तर लाव."

तू हसलास. "तुझ्यावर नसंल तर मंग गणपतीवर पण नाय." आणि ते तसंच पिस्तुलात घातलंस. बाकीची पाचही.

नख लावलं असतंस तर ते लोण्यात गेल्यासारखं गेलं असतं, आणि तू सहाच्या सहा माझ्या अंगावर फेकली असतीस. त्या दुपारी आपण भांडलो असतो, कदाचित वर्षभर बोललो नसतो. ते भांडण माझ्या वाट्याला यावं असं मला किती वेळा वाटलं.

दुसरी फेरी घाईची. शिट्टी झाली की बारा सेकंदांत सहा बार. तुझ्या डाव्या-उजव्या बाजूला आणखी चार माणसं, सगळ्यांची पिस्तुलं एकदम वाजणार. पहिला बार, दुसरा बार. तिसऱ्याला नुसती टोपी, काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी, फुटली. वितळलेलं वंगण पुंगळीत उतरलं होतं, दारू भिजली होती, पेटली नाही. टोपीच्या जोराने गोळी नळीत शिरली आणि अर्ध्यावर अडकली. अशा वेळी फट्ट असा हलका आवाज येतो. तो आला की थांबायचं, हा पहिला धडा, आणि तो तूच सगळ्यांना द्यायचास. पण त्या गदारोळात तो आवाज कुणाला ऐकू यावा? मी तुझ्यामागे दहा पावलांवर होतो. मी तो ऐकला की नाही हे मला आजही नक्की सांगता येत नाही. कधी वाटतं ऐकला, आणि समजेपर्यंत उशीर झाला. कधी वाटतं नंतर मीच तो मनात तयार केला. तुझा हात लयीत होता, चौथा चाप ओढला गेला. चौथी गोळी अडकलेल्या तिसरीवर आदळली आणि नळी फाटली.

तू ओरडला नाहीस. खाली बसलास आणि डोळ्यावर हात धरलास, आणि बोटांतून रक्त आलं.

इस्पितळात तिसऱ्या दिवशी मला आत सोडलं. तुझ्या अर्ध्या तोंडाला पट्टी. माझा आवाज ऐकून तू पहिलं काय विचारलंस ते मी विसरू शकत नाही.

"पैल्या सहा कुठं लागल्या?"

"पाच काळ्यात."

"तुझी काडतुसं चांगली होती, दादा. मीच थांबलो नाय. आवाज हलका आला होता. मला आयकू आला, आणि मी थांबलो नाय."

खरंच ऐकू आला होता, रघू? की माझ्यासारखाच तूही तो नंतर तयार केलास, कुणावर तरी दोष जायला हवा म्हणून, आणि तो स्वतःवर घेणं तुला सोपं वाटलं म्हणून? हे विचारायचं होतं. विचारायचं म्हणजे माझं आधी सांगणं आलं, म्हणून विचारलं नाही.

चौकशी झाली. साहेबाने मला विचारलं, काडतुसं नेहमीसारखीच भरली होती का. मी म्हणालो, "नेहमीसारखीच, साहेब." मग त्याने हुकूम केला की उरलेली काडतुसं उघडून तपासावीत. ती तपासणारा जिल्ह्यात एकच माणूस होता, तो मी. झाकणावरची जास्तीची सहा मी हत्यारखान्याच्या टेबलावर घेतली, गोळ्या चिमट्याने उपटल्या. चारांतली दारू कोरडी होती. दोहोंतली ओल्या खसखशीसारखी एकत्र चिकटली होती, तिला कोकमाचा वास होता. मी ती कागदावर घेतली, कागदाची पुडी केली, पुडी खिशात घातली आणि लिहून दिलं: सहाही काडतुसं निर्दोष. घरी जाताना पुडी भाट्याच्या खाडीत टाकली. उजेड होता, लोक होते, कुणी विचारलंही नाही.

तुझ्या कागदावर शेरा पडला, नेमबाजाची हयगय. तुला नोकरीतून कमी केलं. तू बिऱ्हाड बांधलंस आणि संगमेश्वराकडे गावी गेलास.

आणि मग जे झालं त्याची मला तयारी नव्हती. तू माझ्यावर माया करतच राहिलास. दर वर्षी आमसुलं पाठवायचास. शिसं ओतायचा हात गेला नव्हता, म्हणून आपला जुना साचा मागून घेतलास, तो घासून मोठा केलास आणि भोयांच्या जाळ्यांना लावायची शिसं ओतू लागलास. एका डोळ्याने. "अंतर कळत नाय," म्हणायचास, "पण कढई काय पळून जात नाय." माझी बायको गेली तेव्हा तू नऊ दिवस माझ्याजवळ राहिलास. पेज करायचास, ती कधी करपायची, कधी आळणी व्हायची. माझा मुलगा मुंबईहून येऊन पाचव्या दिवशी परतला, तू राहिलास. ते नऊ दिवस मी रोज सकाळी ठरवायचो की आज बोलायचं. तू चुलीपाशी पाठमोरा बसलेला असायचास, आणि मला वाटायचं, हे सांगितलं तर हा उठून जाईल, आणि मग या घरात कोण राहील? म्हणजे बघ, तुझं जे मी घेतलं होतं ते लपवून वर तुझी सोबतही मी घेतली.

लोकांना वाटतं एकटेपणा म्हणजे जवळ माणूस नसणं. माझ्याजवळ माणूस होता. तू समोर बसून हसत होतास आणि मी तिथे नव्हतो.

या शिमग्याला मी तुझ्याकडे आलो तो शेवटचा. खोकल्याने तू अर्धा झाला होतास. ओटीवर उन्हात खाट टाकली होती. गावात पालखी नाचत होती, घरातली सगळी तिकडे गेलेली, ढोल लांबून ऐकू येत होता. तू म्हणालास, "दादा, एक बोलायचं ऱ्हायलंय."

वाटलं, याला कळलंय. खरं सांगतो, रघू, भीतीबरोबर मला सुटल्यासारखंही वाटलं.

तू म्हणालास, "माझ्यापायी तुझा हात थांबला. माझा डोळा गेला आणि साहेबानं काडतुसं भरायचं कामच बंद केलान. तुझ्यासारखं भरणारा कोण नव्हता. मी त्या टायमाला थांबलो आसतो तर तुझं नाव झालं आसतं. हे माझ्या मनात हाय कवापासून. माफ कर मला."

"सोड रे," मी म्हणालो. "झालं ते झालं."

तू माझा हात धरलास. "नाय, तसं नाय. तोंडानं म्हण."

आणि मी म्हणालो. मी तोंडाने म्हणालो, माफ केलं.

तुला बरं वाटलं. ते तुझ्या तोंडावर दिसलं. तू डोळा मिटून पडून राहिलास आणि थोड्या वेळाने म्हणालास की आता ढोल जवळ आला वाटतं. जानकी परत आली, तिने मला जेवायला थांबवलं. वालाची उसळ होती. मी जेवलो. दोनदा वाढून घेतलं.

परवा मी जानकीकडे गेलो आणि हे सगळं तिला सांगितलं, छापायच्या आधी. ती तांदूळ निवडत होती. ऐकून झाल्यावर तिने हातातले खडे अंगणात टाकले. मग म्हणाली, "ते झोपेत दचकून म्हणायचे, थांब, थांब. मला वाटायचं मला म्हणतात." सूप बाजूला ठेवून ती आत गेली, परत बाहेर आली नाही. मी अंगणात उभा राहिलो आणि मग निघालो. तिने मला काही म्हणावं असा माझा हक्क नाही.

साहेबाच्या कचेरीतही एक अर्ज दिला आहे. तो साहेब कधीच गेला, आताच्या कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि हे कशाबद्दल आहे असं विचारलं. मी सांगितलं, एका हवालदाराच्या कागदावर शेरा आहे, तो चुकीचा आहे, चूक माझी आहे. तो म्हणाला, बघू. माझ्या हातून होण्यासारखं तेवढंच होतं.

तुझ्यापुढे मात्र कुठला अर्ज चालणार? शिमग्याच्या त्या दुपारी, तू माझा हात धरला होतास तेव्हा, मला एवढंच बोलायचं होतं. बोलायला चार वाक्यंही पुरली असती. ती अशी.

रघू, जे झालं ते तू थांबला नाहीस म्हणून झालं नाही. वंगण मी बदललं होतं, तुला न विचारता, तुझ्यावर वरचढ ठरायचं म्हणून, आणि नंतर खोटं लिहून दिलं. तुझा डोळा मी घेतला, तुझी नोकरी मी घेतली. तू माझ्याकडे माफी मागू नकोस, ती मी तुझ्याकडे मागतो आहे, मला माफ कर.